दोन गोळ्या, एक वर्ष: नैराश्यावरच्या पहिल्या औषधांची गोष्ट

आज गोष्ट दोन गोळ्यांची. दोन्ही १९५७ साली नैराश्यावरचं औषध म्हणून जगासमोर आल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही शोधल्या होत्या भलत्याच आजारासाठी.

पहिली इप्रोनियाझिड. साल १९५२, न्यूयॉर्कमधलं सी व्ह्यू हॉस्पिटल. टीबीच्या पेशंटना हे नवं औषध देऊन बघत होते. तर वॉर्डात वेगळंच घडलं! अंथरुणाला खिळलेली माणसं पोटभर जेवायला लागली, गप्पा मारायला लागली. तेव्हा हा साइड इफेक्ट मानला गेला. पाच वर्षांनी नेथन क्लाइन या डॉक्टरांनी तेच औषध नैराश्याच्या पेशंटना दिलं आणि गुण आला.

दुसरी इमिप्रामिन. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं औषध. म्युन्स्टरलिंगेन गावच्या मनोरुग्णालयात डॉ. रोलांड कून ते स्किझोफ्रेनियावर वापरून बघत होते. तिथे काही जमलं नाही. मग १९५६ मध्ये नैराश्याच्या पेशंटना दिलं, आणि त्यातले बरेच जण सावरायला लागले. पुढच्या वर्षी झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती.

आता फरक बघा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. इप्रोनियाझिड हे रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. इमिप्रामिन ते रसायन पेशीत परत ओढलं जाण्याची वाट अडवतं. दोन्हीकडे परिणाम एकच: निरोप जास्त वेळ टिकतो.

नशीब मात्र वेगळं. इप्रोनियाझिडमुळे काहींना कावीळ झाली, लिव्हर खराब झालं. १९६१ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. इमिप्रामिनने तोंडाला कोरड पडते, जास्त डोस जिवावर बेतू शकतो. तरी ते आजही दिलं जातं. १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फ्लुओक्सेटिन याच वाटेवरचं, फक्त ते मुख्यतः सेरोटोनिनवरच काम करतं.

एक बोचरी गोष्ट राहिलीच. २०१९ मध्ये इतिहासकारांनी म्युन्स्टरलिंगेनची जुनी कागदपत्रं तपासून अहवाल काढला. तिथे कित्येक पेशंटवर, नीट न सांगता, संमती न घेता औषधं तपासली गेली होती. आज लाखो लोकांना आधार देणारा शोध त्यांच्या जिवावर लागलाय.

म्हणून तुम्हाला किंवा घरच्या कुणाला अशी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. पण ही कशासाठी, त्रास काय होईल, किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. त्या पेशंटना ही सोय नव्हती. आपल्याला आहे.

भेटू पुढच्या भागात!