वाग्यू आणि चान्या

कल्याण पूर्वेच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका पोराने मध्येच विचारले, "दादा, मुंबईत वाग्यू कुठं मिळतं?" सगळे हसले. जपानी शेफ तव्यावर मांसाचा तुकडा ठेवतो, त्यातली चरबीची पांढरी जाळी वितळते, ते रील सगळ्यांनीच पाहिलेले. पण पोरगा थट्टा करत नव्हता.

उत्तर सरळ आहे. कायदेशीररीत्या कुठेही नाही. आपल्या आयात धोरणानुसार गोमांस किंवा गोमांस असलेला कोणताही पदार्थ देशात आणायला मनाई आहे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. 1995 च्या दुरुस्तीला मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशीचे मांस चालते. तेव्हा ठाण्यातल्या एखाद्या महागड्या मेन्यूवर 'वाग्यू' दिसलेच, तर ते नेमके काय आहे हे वेटरला जरूर विचारा.

आम्हाला खटकले ते वेगळेच. हाच पोरगा डोंबिवलीच्या कॉलेजात आपल्या आजीच्या चान्यांविषयी अवाक्षर काढत नाही. मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या म्हणजे चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून या स्वयंपाकाला पुस्तकात जागा दिली, तोवर मराठी पाककृतींच्या जगात आपले ताट नव्हतेच. मोठ्याचे मटण आपल्या वस्तीत शिजले तर ती घाण, आणि जपानी नाव लागले की 'प्रीमियम'? हे कोण ठरवते?

मग त्या जपानचाच इतिहास बघू. 675 साली सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या ठरावीक महिन्यांत बंदी घातली. पुढे जनावर मारणे, मेलेले ओढणे, कातडे कमावणे ही कामे करणाऱ्यांचा वेगळा समाज पाडला गेला. त्यांना दिलेल्या 'एता' या नावाच्या अक्षरांचा अर्थच 'फार घाण' असा होतो. वस्त्या गावाबाहेर, धंदा जन्माने ठरलेला. ओळखीचे वाटते ना? आणि गंमत पाहा: बंदीच्या त्याच काळात हिकोनेचा सरदार शोगुनला मिसोत मुरवलेले गोमांस भेट पाठवत होता. औषध म्हणून! वरच्याने खाल्ले की औषध, खालच्याने सोलले की विटाळ.

1871 मध्ये मेइजी सरकारने एता ही ओळख कायद्याने रद्द केली. 1872 च्या जानेवारीत सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि गोमांस आधुनिकतेची खूण बनले. नांगराच्या बैलांचा विदेशी जातींशी संकर झाला, त्यातून आजचे वाग्यू घडले. मांसाची इज्जत वाढली, ते कापणाऱ्याची वाढली का? 1873 मध्ये मिमासाकात शेतकऱ्यांनी या 'मुक्त' झालेल्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. शेवटी त्यांनाच उभे राहावे लागले. 3 मार्च 1922 ला क्योतोत सुईहेइशा, म्हणजे समतेची संघटना, स्थापन झाली. महाडच्या पाच वर्षे आधी. टोकियोच्या शिबाउरा कत्तलखान्यातल्या कामगारांना अलीकडच्या काळातही द्वेषाची पत्रे आलेली आहेत.

इथे एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, ती आम्ही लपवणार नाही. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले की बौद्ध धम्मावर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र केली, आणि मेलेल्या गाईचे मांस खात राहिलेले गावकुसाबाहेरचे लोक इसवी सन 400 च्या सुमारास अस्पृश्य ठरले. ते लोक बौद्ध होते, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. जपानात मात्र बौद्ध विहारांनीच एता लोकांच्या थडग्यांवर 'पशू' अशा अर्थाची अक्षरे असलेली धम्मनावे कोरली. 1979 मध्ये सोतो पंथाच्या एका बड्या पदाधिकाऱ्याने आंतरराष्ट्रीय परिषदेत आपल्याकडे भेदभावच नाही असे ठोकून दिले. पुढे पंथाला चूक मान्य करावी लागली. आमच्या मते यामुळे बाबासाहेबांची मांडणी कच्ची ठरत नाही. ते भारताबद्दल लिहीत होते. पण नुसते 'बौद्ध' नाव घेतल्याने विटाळ जात नाही, हे यातून दिसते. म्हणून तर 1956 ला त्यांनी 22 प्रतिज्ञा दिल्या.

आता कोणी म्हणेल, मग बाबासाहेबांनी महाडला 1927 मध्ये मृतमांस सोडायला का सांगितले? सांगितलेच. पण ते गाय माता आहे म्हणून नव्हे. मेलेले ढोर हा गावाने आपल्यावर लादलेला हक्क नावाचा अपमान होता म्हणून. आपण होऊन सोडणे वेगळे, दुसऱ्याने ताटातून काढून घेणे वेगळे. हा फरक आपल्याच चळवळीतले काही शाकाहारी कार्यकर्ते विसरतात.

कल्याणात राहणाऱ्यांना हे ताटातून काढून घेणे समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये कल्याणला लेकीकडे निघालेल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला गोमांसाच्या संशयावरून इगतपुरीजवळ धावत्या एक्स्प्रेसमध्ये टोळक्याने मारले. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने 1988 च्या निर्णयाचा आधार घेऊन मटण-चिकनची दुकानेसुद्धा बंद ठेवायला लावली. स्वातंत्र्याच्या दिवशी!

त्या पोराला आम्ही आजीला विचारून यायला सांगितले. पुढच्या रविवारी तो आला. आजी आधी बोलायलाच तयार नव्हती, म्हणाला. मग हळूहळू सांगितले: पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या, कावळे हाकायचे काम पोरांकडे, आणि पावसाळ्यात काम नसले की त्याच भाजून भाकरीबरोबर. आम्ही ते वहीत उतरवून घेतले आहे. तुमच्या घरात असे सांगणारे कोणी असेल तर याच महिन्यात बसा त्यांच्याजवळ, आणि ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहा.