जावातली यादी पायथनच्या लूपमध्ये का फिरत नाही? ‘इटरेबल’ म्हणजे काय, समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाण्याच्या ताळेबंदासाठी ओळखलं जातं. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे हे मोजायचं आणि त्यावरून पिकं ठरवायची, ही तिथली पद्धत.

आता समजा, अशाच एखाद्या गावाच्या विहिरींच्या नोंदी जावाच्या प्रोग्राममध्ये आहेत आणि हिशोब पायथनमध्ये करायचा आहे. दोन्ही जोडायला ‘जेपाइप’ नावाचा पूल आहे. जावाची तयार ‘अ‍ॅरेलिस्ट’ दिली, तर पायथनचा ‘फॉर’ लूप तिच्यावर सहज फिरतो. पण आपण स्वतः बनवलेला ‘विहीरवही’ हा ऑब्जेक्ट दिला, तर ‘टाइप एरर’ येऊ शकते.

असं का होतं?

ज्या ऑब्जेक्टमधून एकेक नोंद क्रमाने काढता येते, तो ‘इटरेबल’. पण नोंद मागायची रीत दोन्ही भाषांत वेगळी आहे. जावा आधी विचारते, “पुढे काही आहे का?” आणि मग नोंद घेते. पायथन न विचारताच पुढची नोंद मागतो. नोंदी संपल्या की त्याला ‘स्टॉप इटरेशन’ असा इशारा लागतो. जावाकडून दुसरीच एरर आली, तर लूप थांबत नाही, प्रोग्राम कोसळतो.

उपाय काय?

जावाचा कोड आपल्या हातात असेल, तर क्लासला ‘इटरेबल’ हा इंटरफेस द्यायचा. तो २००४ च्या जावा ५ पासून आहे. पुढचं भाषांतर जेपाइप करतं.

कोड बदलता येत नसेल, तर पायथनच्या बाजूने त्या क्लासला ‘आयटर’ ही मेथड जोडायची. नावाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोअर. आत एकूण नोंदी मोजायच्या आणि ‘यील्ड’ वापरून एकेक द्यायची. ‘यील्ड’ असलं की शेवटचा इशारा पायथन स्वतःच देतो.

खरा धोका कुठे आहे?

काही जण ‘आयटर’मधून दरवेळी तोच जुना इटरेटर परत देतात. पहिल्या लूपमध्ये पाण्याची सरासरी बरोबर निघते. पण इटरेटर आता शेवटाला पोहोचलेला असतो. त्यामुळे कोरड्या विहिरी शोधणारा दुसरा लूप एकदाही फिरत नाही. एरर येत नाही. अहवालात मात्र येतं: कोरड्या विहिरी ०. त्यावर विसंबून जास्त पाण्याचं पीक घेतलं, तर उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते.

म्हणून प्रत्येक लूपला नवा इटरेटर मिळायला हवा. तपासणं सोपं आहे: एकाच ऑब्जेक्टवर लूप दोनदा चालवा आणि दोन्ही वेळा नोंदी मोजा. आकडा सारखाच आला पाहिजे.