विश्वासातील अंतिम स्थिरता

ज्या व्यक्तीने येशू ख्रिस्तावर खरा विश्वास ठेवला आणि जिला देवाने नवजन्म दिला, ती पुढे कितीही घसरली तरी तारणाला कायमची मुकत नाही, कारण देव स्वतः तिला अखेरपर्यंत विश्वासात टिकवून धरतो, असे सांगणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धांत. तारण म्हणजे पाप व त्याचा दंड यांतून होणारी सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते. जुन्या ग्रंथांत या सिद्धांताला ‘संतांची चिकाटी’ अशा अर्थाचे नाव आढळते; तेथे संत म्हणजे सगळेच खरे विश्वासणारे. कॅल्व्हिनप्रणीत चर्चपरंपरा आणि बहुसंख्य बाप्टिस्ट हा सिद्धांत मानतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन आणि मेथडिस्ट परंपरांना तो मान्य नाही.

दोन्ही पक्षांना बायबलचा आधार सापडतो आणि म्हणूनच वाद मिटत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात आपली मेंढरे कोणी आपल्या हातून हिसकावून घेणार नाही, असे आश्वासन ख्रिस्त देतो; उलट इब्री लोकांस पत्राच्या 6व्या अध्यायात, ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि तरीही पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा इशारा आहे. स्थिरतावादी या इशाऱ्याचा अर्थ असा लावतात की, असे लोक मंडळीत वावरले, तरी त्यांचा नवजन्म झालाच नव्हता, आणि त्यासाठी ते योहानाच्या पहिल्या पत्रातील, सोडून गेलेले मुळात आपले नव्हते, या विधानाचा दाखला देतात. हे स्पष्टीकरण सुसंगत असले, तरी पत्रातील वर्णन इतके भरभरून आहे की ते केवळ वरवरच्या श्रद्धेला लावताना बरीच ओढाताण करावी लागते.

आरंभीच्या चर्चला हा प्रश्न व्यवहारातून पडला. रोमन सम्राट डेसियस याने सक्तीचे यज्ञ करायला लावल्यानंतर पुष्कळ ख्रिस्ती माघारले आणि त्यांना परत घ्यावे काय, यावरून 251 च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन व रोममधील नोव्हेशियन यांचे पक्ष परस्परविरोधी उभे राहिले. पण माघारलेल्यांनी काहीतरी खरे गमावले आहे, हे दोघांनाही मान्य होते. पुढे बिशप ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरीस, 428–29 च्या सुमारास, अखेरपर्यंत टिकणे हे देवाचे स्वतंत्र दान मानले. त्याच्या मते काहींना खरी कृपा मिळूनही हे दान मिळत नाही, आणि ते कोणाला मिळाले हे मृत्यूपूर्वी कळत नाही. पुढच्या काळात कॅथलिक आणि कॅल्व्हिनवादी दोघेही ऑगस्टीनला आपला म्हणतात, ते या दुहेरी भूमिकेमुळेच.

कॅथलिक मताची निश्चित मांडणी ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी 1547 मध्ये केली : प्राणघातक पापाने, म्हणजे जाणूनबुजून व पूर्ण संमतीने केलेल्या गंभीर पापाने, कृपा नष्ट होते, मग विश्वास शिल्लक असला तरी; पश्चात्ताप-संस्काराने मात्र ती परत मिळते, आणि परिषदेने त्या संस्काराला जहाज फुटल्यावर हाती लागणाऱ्या दुसऱ्या फळीची जुनी उपमा दिली. ल्यूथरनांनीही 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्मा गमावू शकत नाही, हे मत धिक्कारले होते.

सिद्धांताला घट्ट रूप आले ते नेदरलँड्समधील डॉर्ट येथे. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोबुस आर्मिनियस 1609 मध्ये वारल्यावर त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्यातील पाचवे कलम, जे पुढे पाखंडी ठरवले गेले, ते मुळात अत्यंत सावध होते : विश्वासणारा कृपेपासून ढळू शकतो काय, हे पवित्र शास्त्रावरून अधिक तपासल्याखेरीज आपण निश्चितपणे शिकवणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. आठ वर्षांच्या भांडणाने दोन्ही बाजू ताठर झाल्या, आणि धर्मवादात डच सेनापती प्रिन्स मॉरिस विरुद्ध हॉलंडचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट हे राजकारण मिसळले. नोव्हेंबर 1618 मध्ये डॉर्ट येथे सुरू झालेल्या धर्मसभेत इंग्लंड, स्वित्झर्लंड व जर्मन प्रदेशांचे प्रतिनिधीही बसले. आर्मिनियसपक्षीयांना जानेवारी 1619 मध्ये सभेतून हाकलण्यात आले, मे महिन्यात ओल्डनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला, आणि सुमारे 200 धर्मोपदेशकांची पदे गेली. मात्र सभेने स्वीकारलेली कलमे विजेत्यांच्या या वागणुकीपेक्षा कितीतरी संयत आहेत. दावीद व पेत्र यांची उदाहरणे देऊन खरा विश्वासणाराही भयंकर पापात पडू शकतो, काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही गमावतो, हे त्यांत कबूल केले आहे, पण त्याचे पतन अंतिम असू शकत नाही, कारण टिकण्याचा आधार माणसाच्या बळात नसून देवाच्या निर्णयात आहे.

या सिद्धांताने दिलासा दिला, तसा धसकाही दिला. खरा विश्वास कधीच मरत नसेल, तर आपला विश्वास खरा आहे काय, हा प्रश्न उरतोच. इंग्रज लेखक जॉन बनियनने 1666 च्या आत्मचरित्रात, आपण ख्रिस्ताला विकले, या कल्पनेने आलेल्या दीर्घ यातना वर्णिल्या आहेत, आणि त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये लोखंडी पिंजऱ्यात बसलेला, क्षमेची आशा सोडलेला माणूस भेटतो. या रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी भाषांतर 1841 मध्ये निघाले. मेथडिस्ट परंपरेचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने उलट बाजू घेऊन 1751 च्या पुस्तिकेत पतन शक्य असल्याचे प्रतिपादन केले. तरी मेथडिस्ट शिकवणीतही वर्तमान तारणाची खात्री प्रबळ आहे, अनिश्चित आहे ते भविष्य.

विसाव्या शतकात अमेरिकेत ‘एकदा तारण, कायमचे तारण’ हे घोषवाक्य रूढ झाले, ज्यात एका प्रार्थनेनंतर आचरण कसेही असले तरी चालते, असा अर्थ काहींनी काढला. तो डॉर्टच्या कलमांशी विसंगत आहे, कारण तेथे टिकणे हे पवित्र आचरणातच दिसते.

महाराष्ट्र व गोवा या भागांत स्कॉटिश व अमेरिकन मिशनांच्या मंडळ्या कॅल्व्हिनप्रणीत घराण्यातल्या, मेथडिस्ट मंडळ्या वेस्लीच्या, तर वसई व गोव्यातील कॅथलिक ट्रेंटच्या परंपरेतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरा एकत्र आल्या, म्हणजे या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देणारे पूर्वज असलेल्या मंडळ्या एकाच चर्चमध्ये नांदू लागल्या.