पकड, तपासणी आणि एक ‘साठी’

एका जपानी बातमीचा अनुवाद करायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. बातमी जुनी, जानेवारी २०१० मधली. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात ‘आदी गिल’ नावाची वेगवान नौका आणि ‘शोनान मारू क्रमांक २’ हे जपानी जहाज यांची टक्कर झाली. नौकेचं नाक तुटून गेलं, आतली सहा माणसं वाचली. नौका होती ‘सी शेपर्ड’च्या ताफ्यातली, म्हणजे १९७७ साली पॉल वॉटसन यांनी काढलेल्या संघटनेच्या. नावाचा अर्थ सरळ आहे, समुद्रावरचा मेंढपाळ. पण जपानी बातमीत या नावाआधी एक बिल्ला ठरलेला असतो: ‘हान-होगेई दान्ताई’. ‘हान’ म्हणजे विरोधी, ‘दान्ताई’ म्हणजे संघटना. अडलो तो मधल्या ‘होगेई’पाशी.

‘हो’ म्हणजे पकडणं आणि ‘गेई’ म्हणजे देवमासा. जपानीत दोन अक्षरांत काम होतं. मराठीत मात्र निवड करावी लागते. ‘देवमाशांची शिकार’ लिहिलं तर मी मेंढपाळांच्या नौकेत जाऊन बसतो. ‘मासेमारी’ लिहिलं तर जपानी मत्स्यखात्याच्या कचेरीत. गंमत अशी की ‘मासेमारी’त ‘मार’ उघड बसलेला आहे, पण कानाला टोचत नाही. उलट ‘शिकार’ या फारसीतून आलेल्या शब्दात मराठी कानाला मारणं कुठेच ऐकू येत नाही, तरी रक्त दिसतं.

मग नेहमीची सवय. अडलं की चित्रलिपीचा कोश उघडायचा. तो बाराखडीने लागत नाही. अक्षराचा जो मूळ घटक असतो त्याच्या घरात शोधावं लागतं. ‘गेई’ किंवा शुद्ध जपानी उच्चारात ‘कुजिरा’, हे अक्षर मिळतं माशाच्या घरात. डावीकडे मासा, अकरा रेघांचा. उजवीकडे ‘राजधानी’चं अक्षर, आठ रेघांचं. राजधानीएवढा मासा, असं शिकवणारे हौसेने सांगतात. खरं म्हणजे ती उजवी बाजू चिनी उच्चार दाखवण्यापुरती आहे, दोन्हींचा चिनी उच्चार एकच, ‘जिंग’. डावी बाजू मात्र अर्थाची. त्याच घरात सुसरही राहते आणि कालवाच्या जातीचे जीवही, त्यामुळे या घराचा जीवशास्त्रीय दाखला म्हणून उपयोग नाही. सुशीच्या दुकानात चहाचे जाडजूड पेले असतात, त्यांच्यावर मासा-घटकाची अक्षरं ओळीने छापलेली असतात. त्या गर्दीत देवमासाही निमूटपणे उभा असतो, बांगड्याच्या शेजारी.

पण मोजायची वेळ आली की हाच प्राणी माशांतून उठतो. जपानीत प्रत्येक प्रकारच्या वस्तूला मोजण्याचा वेगळा शब्द लागतो. मासे ‘हिकी’ किंवा ‘बी’ने मोजतात, देवमासा ‘तो’ने, ‘तो’ म्हणजे डोकं, गाईगुरं आणि हत्ती मोजायचा शब्द. लिहिताना मासा, मोजताना जनावर. वर्तमानपत्रं त्यातून आणखी वेगळी वाट काढतात: जिवंत प्राण्याचं नाव बहुधा ‘काताकाना’ या उच्चारलिपीत, जशी शास्त्रीय नावं लिहितात तशी. मांसाचा किंवा पकडीचा विषय निघाला की लगेच माशाचं घर असलेलं अक्षर परत येतं.

देवमासा मासा ठरला याचा फायदा दुसऱ्याच एका प्राण्याला झाला, किंवा तोटा म्हणा. बौद्ध प्रभावाच्या काळात चार पायांच्या जनावराचं मांस खाणं निषिद्ध मानलं जाई, मासे चालत. तेव्हा एदो शहरातल्या खानावळींनी रानडुकराला नाव दिलं ‘यामा-कुजिरा’, डोंगरातला देवमासा. आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो तसंच हे. चित्रकार हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर दृश्यं’ या चित्रमालिकेत बर्फाने भरलेल्या एका पुलाचं चित्र आहे, १८५८ सालचं. त्यात डावीकडे भलीमोठी पाटी लटकते आहे, तिच्यावर हेच शब्द. छत्री घेतलेले लोक, पांढरा पूल आणि एवढं ठळक खोटं. मला ती पाटी फार आवडते. तिच्यात कोणी कोणाला फसवत नाही. विकणारा, खाणारा आणि पाहणारा सगळ्यांनाच ठाऊक असतं.

नंतरच्या पाट्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

वाकायामा प्रांतातलं ताइजी हे गाव घ्या. डॉल्फिनांना आवाजाने भेडसावत, बोटींच्या रांगेने हाकत खाडीत आणायचं आणि तिथे कोंडायचं, ही तिथली पद्धत. ‘द कोव्ह’ या माहितीपटाला २०१० मध्ये ऑस्कर मिळालं आणि हे गाव जगभर गेलं. इंग्रजी बातम्यांत या प्रकाराला हाकाऱ्याची शिकार म्हणतात. जपानी बातम्यांत ‘ओइकोमि-ऱ्यो’. ‘ओइकोमि’ म्हणजे हाकत आत घालणं, आणि ‘ऱ्यो’ म्हणजे? इथे कान काहीच मदत करत नाही. ‘ऱ्यो’ दोन आहेत. एका अक्षराच्या डावीकडे कुत्रा म्हणजे पशूचा घटक आहे; ती शिकार. दुसऱ्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत, ती मासेमारी. आणि कोश असं सांगतो की पाण्याच्या अक्षराचा मूळचा उच्चार ‘ग्यो’. ‘ऱ्यो’ हा उच्चार त्याने शिकारीच्या अक्षराकडून उसना घेतला आहे. म्हणजे आवाज शिकारीचा आणि लिखाण मासेमारीचं. वर्तमानपत्रात अर्थातच तीन थेंब छापले जातात. रेडिओवर ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ सारखेच मोकळे, पण ऐकताना वेगळं काही सुचण्याइतकी सवड कोणाला असते?

खरा नमुना मात्र पुढेच आहे. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी पकडीवर बंदीचा ठराव केला, ती १९८६ पासून लागू झाली. पण १९४६ च्या मूळ कराराच्या आठव्या कलमात एक दार उघडं होतं: शास्त्रीय संशोधनासाठी देश आपापले परवाने देऊ शकतात, आणि मारलेल्या प्राण्याचा शक्य तेवढा उपयोगही करायचा आहे. जपानने १९८७ पासून त्या दारातून जहाजं नेली. मुख्य जहाजाच्या अंगावर ‘रिसर्च’ हा इंग्रजी शब्द माणसापेक्षा उंच अक्षरांत रंगवलेला असे. जे मांस बाजारात जाई त्याला सरकारी भाषेत म्हणत ‘फुकुसानबुत्सु’, उपउत्पादन. जसं ताक.

या कामाचं सरकारी नाव होतं ‘गेइरुई होकाकु चोसा’: देवमासे-पकड-तपासणी. वर्तमानपत्रांनी त्याचं केलं ‘चोसा होगेई’: तपासणी-देवमासेपकड. शब्द जवळजवळ तेच, क्रम उलटा. आता शाळेतलं व्याकरण आठवा. तत्पुरुष समासात दुसरं पद प्रधान. बैलगाडी ही गाडी असते, बैल नव्हे. जपानी समासही असाच चालतो. म्हणजे सरकारच्या शब्दात मुख्य गोष्ट आहे तपासणी, पकड हे तिचं विशेषण. वर्तमानपत्रांच्या शब्दात मुख्य गोष्ट आहे पकड, तपासणी हे तिच्या अंगावरचं कापड. जपानी माध्यमं या प्रश्नावर सरकारची री ओढतात, असा आरोप बाहेरचे लोक सतत करत आले, आणि तो निराधार नाही. पण रोजच्या मथळ्यात त्यांनी जे पद शेवटी ठेवलं, तेवढ्यापुरता निकाल त्यांनी हेगच्या न्यायालयाआधीच दिलेला होता. मुद्दाम दिला असेल असं मी म्हणत नाही. चार अक्षरांचा शब्द मथळ्यात बरा बसतो, एवढंही कारण पुरतं.

हेगचा निकाल ३१ मार्च २०१४ चा. ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. बारा विरुद्ध चार मतांनी जपान हरला. (बहुमतात दलवीर भंडारी होते, पूर्वीचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती.) या निकालाचं मर्म व्याकरणाच्या माणसाने वाचावं असं आहे. न्यायालयाने संशोधन खोटं आहे असं म्हटलंच नाही. ढोबळमानाने याला शास्त्रीय संशोधन म्हणता येईल, असं मान्य केलं. मात्र हे परवाने संशोधन‘साठी’ आहेत, हे मान्य केलं नाही. सगळी लढाई एका शब्दयोगी अव्ययावर. योजनेत दर वर्षी सुमारे ८५० मिंकी, ५० फिन आणि ५० हंपबॅक देवमासे मारायचे ठरले होते. प्रत्यक्षात २०१२-१३ च्या हंगामात १०३ मिंकी मिळाले, हंपबॅक तर कधी मारलाच नाही. आकडा एवढा घसरूनही संशोधन नीट चालू आहे म्हणता, तर मुळात तो आकडा कशासाठी होता, हा न्यायालयाचा प्रश्न.

आणि त्यानंतर, २०१७ साली, जपानच्या संसदेने एक कायदा केला. त्याचं तेव्हाचं नाव शब्दशः मराठीत आणलं तर असं होतं: व्यापारी देवमासेपकड अमलात आणणे वगैरेंसाठी देवमाशांच्या शास्त्रीय तपासणीची अंमलबजावणी करण्याबाबतचा कायदा. ‘साठी’ सापडला! तो कायद्याच्या नावातच, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला होता. ‘पकड’ हा शब्दही तपासणीच्या नावातून गेला, त्या जागी ‘शास्त्रीय’ आलं. एदोच्या खानावळीची पाटी याहून प्रामाणिक होती असं मला वाटतं. पण कधी वाटतं की हीच जास्त प्रामाणिक आहे.

विरोधकांच्या बाजूचे शब्दही पाहायला हवेत. इंग्रजी बातमीत ते ‘निषेध’ करतात. जपानीत निषेधाला ‘कोगी’ हा चांगला शब्द आहे, तो बातम्यांत येतोही. पण समुद्रावरच्या प्रसंगांना ठरलेला शब्द ‘बोगाई’: अडथळा. हा कायद्यातला शब्द आहे. ‘इऱ्योकु ग्योमु बोगाई’ म्हणजे दांडगाईने कामात अडथळा. मराठी वाचकाला हा सूर नवा नाही; ‘शासकीय कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलं आहे की त्यातला मोर्चा दिसेनासा होतो, फक्त गुन्हा उरतो. फरक एवढाच की जपानी ‘ग्योमु’ला सरकारी असावं लागत नाही.

‘आदी गिल’चे कप्तान पीट बेथून फेब्रुवारी २०१० मध्ये रात्री पाण्यावरच्या स्कूटरने जाऊन ‘शोनान मारू’वर चढले, नौका बुडवल्याबद्दल तिथल्या कप्तानाला आपण अटक करणार, असं त्यांचं म्हणणं. झालं उलटं. जहाजाने त्यांना टोकियोला आणलं, १२ मार्चला तटरक्षकांनी अटक केली. पाच आरोपांत हे ‘बोगाई’ होतंच. इजा केल्याचा आरोप त्यांनी नाकारला, बाकीचे मान्य केले. जुलैमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, ती पाच वर्षांसाठी स्थगित.

इजा कशाने? बाटलीने. ‘सी शेपर्ड’चे लोक जपानी जहाजांवर दुर्गंधीयुक्त द्रवाच्या बाटल्या फेकत आणि सांगत की हे नासकं लोणी आहे, कोणाला काही होत नाही. जपानी बातमीत याच द्रवाला ‘राकुसान’ म्हणतात: दूधदुभत्याच्या अक्षरापुढे आम्लाचं अक्षर. रसायन एकच, ब्युटिरिक आम्ल, आणि त्या नावातही लॅटिन लोणीच आहे. पण एका वाचकाच्या नाकात खवट तूप जातं, दुसऱ्याच्या डोळ्यांत आम्ल.

एकमेकांना द्यायच्या शिव्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. जपानी बाजू म्हणणार ‘काइझोकु’, समुद्री चाचे. विरोधक म्हणणार चोरटे शिकारी. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानेही चाचे हा शब्द उचलून धरला आणि चाचेगिरीला लाकडी पाय किंवा डोळ्यावर पट्टी लागत नाही, अशा अर्थाचं लिहिलं. मेंढपाळांच्या झेंड्यावर कवटी आहेच. तक्रार करायला फारशी जागा नव्हती.

जपानी बातमीत आरोपीच्या नावाला ‘सान’ हे आदरार्थी पद लागत नाही. पूर्वी नुसतं नाव लिहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘योगीशा’, म्हणजे संशयित, हे पद नावामागे जोडायची पद्धत रुळली. आरोपपत्र झालं की ‘हिकोकु’. जुलै २०२४ मध्ये ग्रीनलंडच्या नूक बंदरात पॉल वॉटसन यांना जपानच्या मागणीवरून पकडलं, तेव्हाही ते ‘वॉटसन योगीशा’च होते. डिसेंबरमध्ये डेन्मार्कने त्यांना जपानकडे द्यायला नकार दिला आणि ते सुटले. मराठीत हे काम सर्वनामं करतात: कालपर्यंत ‘ते’ असलेला माणूस कोठडीत गेला की बातमीत ‘तो’ होतो. वरच्या परिच्छेदात बेथूनना ‘त्यांना’ लिहिताना माझा हात क्षणभर थांबला, हे कबूल करतो.

आणि सगळ्यात कोरडा शब्द ‘आन्तेइका’, स्थिरीकरण. २०११ च्या त्सुनामीनंतर पुनर्उभारणीच्या निधीतले सुमारे २३० कोटी येन देवमासेपकडीकडे गेले, त्यात विरोधकांपासून जहाजांच्या संरक्षणाचा खर्च होता. अंदाजपत्रकातली बाब मात्र होती देवमासे-पकड-तपासणीच्या स्थिरीकरणाची. पुढे गवगवा झाला तेव्हा मथळ्यांतला शब्द होता ‘ऱ्युयो’: एकीकडचा पैसा दुसरीकडे वळवणं.

आपल्या मथळ्यांकडेही जरा बघू. कोकणात किंवा ठाण्याकडे छापा पडला की बातमी येते: ‘व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त’. पहिली गोष्ट, तो मासा नाही. दुसरी, ती उलटी बहुधा नाही. म्हाकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती हा पदार्थ आतड्यात तयार होतो. जपानीत त्याला म्हणतात ‘ऱ्युझेन्को’, चिनीतून आलेला शब्द: ड्रॅगनच्या लाळेचा सुगंध. ज्या देवमाशात तो मिळतो त्याचं नाव ‘माक्को-कुजिरा’, धुपाच्या भुकटीचा देवमासा. अरबीतून आलेला ‘अंबर’ आपल्याकडे होता, तो अत्तरवाल्यांकडेच राहिला. लाळ, धूप, अंबर इतकं सगळं उपलब्ध असताना आपण उलटी निवडली! ‘देवमासा’ इतका सुंदर शब्द घरात असताना ‘व्हेल मासा’ लिहितो, तेव्हा हे ओघानेच आलं. जपानी कोळीही देवमाशाला एबिसू म्हणत, म्हणजे आपल्या दैवताचंच नाव देत, आणि एक देवमासा मिळाला की सात गावं तरतात अशी त्यांची म्हण आहे. देव म्हटल्याने मारणं थांबत नाही, एवढं त्या म्हणीत दिसतं.

माझ्या वाक्यात मी शेवटी ‘देवमासे पकडण्याला विरोध करणारी संघटना’ असं लिहिलं. लांबलं, आणि मथळ्यात कधीच मावणार नाही.

जपान ३० जून २०१९ रोजी आयोगातून बाहेर पडला, दुसऱ्या दिवशी कुशिरो आणि शिमोनोसेकीहून बोटी निघाल्या. मथळ्यांत ‘एकतीस वर्षांनी’ होतं, आणि ‘चोसा’च्या जागी ‘शोग्यो’, व्यापारी. कापड उतरलं. मे २०२४ मध्ये शिमोनोसेकीहून नवं मुख्य जहाज निघालं, ‘कानगेई मारू’. ‘कान’ हे शिमोनोसेकीतल्या ‘सेकी’चंच अक्षर, वेगळ्या उच्चाराने, ‘गेई’ ते आपलं माशाच्या घरातलं. पण ‘कानगेई’ असं नुसतं ऐकलं तर कोणत्याही जपानी माणसाला आधी आठवतो तो दुसऱ्याच अक्षरांत लिहिला जाणारा रोजचा शब्द, हॉटेलाच्या दारावर पाहुण्यांसाठी लावतात तो: स्वागत. मराठीत मी ‘कानगेई मारू’ एवढंच लिहिलं. त्यात ना मासा दिसतो, ना स्वागत ऐकू येतं.