पाण्यात बुडणारा ट्रान्झिस्टर

* ‘द्रावणात बुडवलेली चिप’ : लेखकाचा रोख आयन-संवेदी ट्रान्झिस्टरकडे आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे येथील पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये त्याची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. मज्जापेशींभोवतीच्या आयनांची ये-जा मोजणे हा त्यांचा हेतू होता. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाहावर ताबा ठेवणारी धातूची पट्टी असते. बर्गवेल्ड यांनी तीच काढून टाकली आणि खालचा ऑक्साइडचा पातळ थर द्रावणाला उघडा ठेवला. थरावर हायड्रोजन आयन जमले की त्यांच्या विद्युतभाराने सिलिकॉनमधला प्रवाह बदलतो. पीएच एका अंकाने बदलल्यास २५ अंश सेल्सियसला थरावरच्या विद्युतदाबात फार तर ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. द्रावणात बराच वेळ राहिल्यावर मात्र मापन हळूहळू सरकू लागते. ही या संवेदकाची खरी डोकेदुखी. मूळ मजकुरात तिचा उल्लेख हवा होता. थरावर युरियेज हे विकर बसवले तर युरियाही ओळखता येतो. डीएनएची साखळी वाढताना प्रत्येक नव्या घटकामागे एक हायड्रोजन आयन सुटतो. तो टिपणाऱ्या, अशा लाखो संवेदकांच्या चिपवर चिप-उद्योगाचे प्रणेते गॉर्डन मूर यांचा जीनोम वाचला गेला. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. — संपादक