जीपच्या तापाचे निदान

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या ज्या हिंदुस्थानात उरल्या त्यांपैकी पुष्कळ लिलावाच्या वाटेने खाजगी मालकांच्या दारी आल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईस माझगावात विलीजच्या सुट्या भागांची जुळणी आरंभली, आणि प्रांतसाहेबांच्या दौऱ्यापासून पाटबंधारे खात्याच्या मोजणीपर्यंत जिल्ह्याचा कारभार या गाडीवर चालू लागला. तिच्या पराक्रमाच्या कथा विपुल आहेत. तिच्या तापण्याचा इतिहास मात्र मिस्त्र्यांच्या बोटांत आणि कानांतच राहिला.

आरंभीची जीप पेट्रोलची, २.२ लिटरांची आणि ६० अश्वशक्तीची होती. घाटात तिचे पाणी उकळू लागले की ड्रायव्हरने गाडी कडेला घ्यावी, किन्नराने डबा घेऊन झरा शोधावा, ओले गोणपाट रेडिएटरवर टाकावे आणि एक विडी ओढून होईतो वाट पाहावी, हा सर्वमान्य प्रघात होता. तो उपचार होता, निदान नव्हे. महाबळेश्वरी, म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवर, उघडे पाणी १०० नव्हे तर ९५ अंशांच्या आसपासच उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग व रबर हे आतला दाब राखून नेमकी हीच उणीव भरून काढतात, ही गोष्ट ध्यानी न घेतल्यामुळे झिजलेल्या झाकणाचा दोष कित्येकदा निरपराध एंजिनावर लादला गेला असेल.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जुन्या जीपमध्ये डिझेल एंजिन बसविण्याचा धंदा गॅरेजांतून तेजीत आला. एंजिन बदलले, पण पुष्कळ ठिकाणी रेडिएटर, पंखा आणि पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे यांचा मेळ नव्या एंजिनाशी घालण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. येथे एक विपरीत अनुभव आला. हलक्या भाराखाली डिझेल एंजिन पेट्रोलपेक्षा थंड चालते; सपाटीवर काटा वर चढतच नाही, आणि तेच एंजिन दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भाराने घाट चढू लागले की पाहता पाहता उकळते. १९८० च्या दशकातील महिंद्र ५४० मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे, ९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांचे, २११२ घन सेंटिमीटरांचे एंजिन होते. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका छोट्या कोठीत फवारले जाते, आणि त्या कोठीच्या भिंतींतून पाण्यात जाणारी उष्णता साहजिकच अधिक असते. परवान्याच्या दुप्पट माणसे कोंबून धावणाऱ्या वडापच्या गाड्यांनी या गणिताची परीक्षा रोजच घेतली.

या दोन मनोवृत्तींच्या एंजिनाने मिस्त्र्याला वैद्याप्रमाणे प्रश्न विचारावयास शिकविले, आणि या विद्येची खरी थोरवी त्या प्रश्नांतच आहे. गाडी उभी असता किंवा बाजारपेठेतून रांगता तापते काय? मग पंखा, त्याचा ढिला पट्टा, किंवा जाळीत वाळून बसलेला चिखल पाहावा. वेगात अथवा चढावर तापते काय? मग पाण्याचा प्रवाह अपुरा आहे, हे गृहीत धरून एंजिन बंद करून पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवावा. जेथे पट्टाच्या पट्टा थंड लागेल तेथील नळ्या चुन्याने बुजल्या आहेत. देशावरील विहिरींचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेल्याने असे व्हायचेच, आणि मग टाक्या उकलून, नळ्यांतून सळई फिरवून, पुन्हा झाळून घेण्यावाचून गत्यंतर नाही. खालची होज एंजिन वाढविताच चपटी होते काय? तर तिच्यातील स्प्रिंग गंजून गेली आहे. थंड एंजिन सुरू करताच क्षणार्धात वरची होज टणक होऊन रेडिएटरच्या तोंडी बुडबुडे येऊ लागले, तरच हेड पॅकिंगचा संशय धरावा, तोवर नाही. काळा धूर सोडणारी गाडी तापत असेल तर पाण्याची वाट सोडून डिझेल पंपाचे माप तपासावे, कारण गरजेहून अधिक जाळलेले डिझेल कोठे तरी उष्णता होऊनच निघते.

या परंपरेत एक दुराग्रहही शिरला, आणि तो अद्याप निघालेला नाही: थर्मोस्टॅट काढून फेकणे. पाण्याच्या वाटेतील तो अडसर आहे, तो गेला की गाडी थंड राहील, असा हा युक्तिवाद. ज्या एंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तेथे तो काढल्यास ऊन पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत एंजिनातच जातो आणि भारी चढावर ताप उलट वाढतो. शिवाय सपाटीवर आधीच थंड चालणारे डिझेल थंडच राहून झिजते. पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मोस्टॅट आणि तापमापक सोडून, त्याच्यावर कोरलेल्या अंशांशी तो उघडतो की नाही हे पाहण्यास स्वयंपाकघरापलीकडे कशाचीही गरज नाही. ज्यांच्या दारी आजही अशी जुनी गाडी उभी आहे त्यांनी हेड उघडण्याची परवानगी देण्यापूर्वी झाकण, पट्टा, जाळी, होज आणि थर्मोस्टॅट यांचा तपशील मिस्त्र्याकडून मागून घ्यावा.