प्रार्थनेच्या मांडवातून उठलेल्या बाया

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. हे आपल्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्या लोकांत बाया किती होत्या आणि चारचौघांत बोलायला त्यांना कुठे मिळालं, हे कुणी विचारत नाही. उत्तर आपल्याला जरा अवघड जाणारं आहे : धर्मसभेत.

तिथल्या जुन्या पाद्र्यांचं सांगणं असं, की कोण तरणार नि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय. म्हणजे आपल्याकडचं प्रारब्धच, फक्त अंगात साहेबाचा कोट. १८०० नंतर धर्मजागृतीची मोठी लाट उठली आणि हे मत ढिलं पडलं. चार्ल्स फिनी नावाच्या पाद्र्याने १८३०-३१ च्या हिवाळ्यात सभा घेऊन न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर हलवून सोडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं : पाप टाकणं माणसाच्या हातात आहे, आणि टाकायचं तर आजच. आता हे एकदा मानलं, नि गुलामी हे पाप ठरलं, की 'हळूहळू सुधारू' म्हणणाऱ्याची बोलतीच बंद. फिनीच्या सभांत बाया पुरुषांदेखत मोठ्याने प्रार्थना करीत. त्यावर बाकीचे पाद्री खवळले. (बाईच्या आवाजाला भट सगळीकडेच का भितो, हा वेगळा लेख होईल.)

उघडलेलं तोंड प्रार्थनेपाशी थांबलं नाही. १८३४ साली न्यूयॉर्कच्या बायांनी संस्था काढली आणि वेश्यावस्तीत जाणाऱ्या पुरुषांची नावं छापू, असं बजावलं. सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या चार्ल्सटनच्या, गुलाम बाळगणाऱ्या न्यायाधीशाच्या लेकी. त्या गुलामीविरुद्ध गावोगाव बोलू लागल्या, तशी १८३७ साली मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्यांनी पत्रक काढून बाईला तिची पायरी दाखवली. साराने १८३८ च्या पुस्तकात त्यांनाच धरलं. बायबलचं भाषांतर केलं पुरुषांनी, अर्थ लावला पुरुषांनी, मग बाईची पायरी देवाने ठरवली कशावरून?

पण दोस्तहो, पहिल्या बोलणाऱ्या या गोऱ्या भगिनी नव्हेत. मारिया स्टुअर्ट ही काळी बाई १८३२ सालीच बॉस्टनमध्ये भर सभेत बोलली होती. त्याही आधी जरीना ली, लहानपणापासून लोकांच्या घरी राबलेली. तिने प्रवचनाची मुभा मागितली, तेव्हा तिला परतवलं ते काळ्यांच्याच चर्चचे पुढारी रिचर्ड ॲलन यांनी. मुभा मिळाली १८१९ साली. आपल्या पुढाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

गुलामी १८६५ साली कायद्याने गेली. १८७४ साली ख्रिस्ती बायांचा दारूबंदी संघ उभा राहिला. पुढे त्याची लाखावर सभासद झाली. १८८६ ते ८८ अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी या बायांचं काम पाहिलं, आणि १८८९ च्या आपल्या मराठी प्रवासग्रंथात त्याबद्दल आदराने लिहिलं. आदर वाटावा असं काम होतंच. पण त्याच संघाची अध्यक्ष फ्रान्सेस विलार्ड हिने १८९० साली एका मुलाखतीत दारू प्यालेल्या काळ्या पुरुषांपासून गोऱ्या बायकांना धोका असल्याचं सांगितलं. हेच निमित्त पुढे करून दक्षिणेत काळ्यांना झाडाला टांगत होते. गुलामीत जन्मलेली पत्रकार आयडा वेल्स हिने १८९४ साली ती मुलाखत इंग्लंडमध्ये पुन्हा छापून आणली. विलार्डबाईंचे तिथले बडे दोस्त चिडले, तरी ती मागे हटली नाही. वेल्सही चर्चला जाणारीच होती.